एकेचाळीस डबे, दोन माणसं: उतारवयात परदेशी जाण्याआधी घर कसं आवरावं

आमच्या कोथरूडच्या स्वयंपाकघरात स्टीलचे ४१ डबे निघाले. घरात माणसं दोन, त्यातल्या एकाला साखर वर्ज्य, आणि साखरेचेच डबे तीन. मोजून झाल्यावर मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि ह्यांना म्हटलं, "हे वर्षभराचं काम आहे." लागले चौदा महिने.

आमची लेक न्यू जर्सीत असते आणि अमेरिकेची नागरिक आहे. एकवीस वर्षांवरच्या नागरिकाला आई-वडिलांसाठी अर्ज करता येतो आणि त्यात भावंडांच्या अर्जासारखी वर्षानुवर्षांची रांग नसते. तिने अर्ज केला, ग्रीन कार्ड झालं, आणि निवृत्तीनंतर सातव्या वर्षी आम्ही पुणं सोडलं. मी बँकेत ३१ वर्षं काढलेली, त्यामुळे कागदांची भीती नव्हती. घाम फोडला तो माळ्याने. आता ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी दर महिन्याला विचारतं, तुम्ही कसं केलंत? म्हणून एकदाच लिहून ठेवते. उदाहरण अमेरिकेचं आहे, कारण मला तेच ठाऊक. कॅनडा-ऑस्ट्रेलियाचे व्हिसाचे नियम वेगळे, पण पुण्यातला माळा सगळ्यांचा सारखाच.

एक गोष्ट आधीच सांगते. ज्याचा निकाल तुम्ही समोर उभं राहून लावत नाही, ते फोनवरून तुमच्या मागे येतं. तेही रात्री साडेनऊला, कारण तेव्हा पुण्यात सकाळचे सात वाजलेले असतात आणि लोकांना कामं आठवतात.

पायरी १: आधी एक हिवाळा राहून या

लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने जाऊन येणं आणि राहायला जाणं यांत फार फरक आहे. बाळंतपणाला गेलं की हाताला काम असतं आणि परतीचं तिकीट पर्समध्ये असतं. बहुतेक जण जातातही मे-जूनमध्ये. सगळं हिरवंगार, रात्री साडेआठपर्यंत उजेड. तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत जा. साडेचारला अंधार पडतो, फुटपाथवर बर्फाचा काचेसारखा थर असतो, आणि गाडी चालवता येत नसेल तर कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा जावयाची वाट बघावी लागते. ते सोसलं तर पुढे जा. एकही हिवाळा न काढता पुण्यातलं घर विकायला काढणाऱ्यांना मी हात जोडते.

त्या मुक्कामातच औषधपाण्याच्या खर्चाचा हिशेब लेक-जावयासमोर बसून करा, संकोच नको. पासष्टीनंतरचं सरकारी 'मेडिकेअर' नव्याने आलेल्यांना लगेच मिळत नाही. ज्यांनी तिथे नोकरी केलेली नाही त्यांना ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहिल्यावरच ते विकत घेता येतं. मधल्या वर्षांचा विमा कुणी भरायचा, किती भरायचा, हे आकडे कागदावर हवेत. आणि 'सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे' हे म्हणायला छान वाटतं, पण ग्रीन कार्ड म्हणजे तिथे राहण्याची परवानगी. आगाऊ परवाना न घेता वर्षाहून अधिक बाहेर राहिलात तर ते हातचं जाऊ शकतं, आणि सहा महिन्यांच्या पुढे गेलात तरी विमानतळावर प्रश्न विचारतात.

पायरी २: नावांचा घोळ निस्तरा

आमच्या पिढीतल्या बायकांचं लग्नात नुसतं आडनाव बदललं नाही, ताटातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीने नवं नावही लिहिलं गेलं. त्या दोन मिनिटांच्या कौतुकाचा हिशेब मी चाळीस वर्षांनी चुकता केला. शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, पासपोर्ट सासरच्या, आणि लेकीच्या जन्मदाखल्यावर माझ्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. भरीला तिच्या दाखल्यात बाळाच्या नावाची जागाच रिकामी होती, नुसतं 'स्त्री' एवढीच नोंद. तेव्हा दवाखान्यातून जन्म कळवला जायचा आणि नाव नंतर घालायचं राहून जायचं. अमेरिकेच्या अर्जात आई-मुलीचं नातं सिद्ध करायला हाच दाखला लागतो. नाव घालून घ्यायला तीन खेपा पडल्या.

म्हणून सगळ्यात आधी एका वहीत तक्ता करा: जन्मदाखला, शाळेचा दाखला, विवाह नोंदणी, पासपोर्ट, आधार, पॅन, पेन्शनचा मंजुरी आदेश म्हणजे पीपीओ. प्रत्येकावर नाव आणि जन्मतारीख जशी छापली आहे तशी उतरवा. जिथे जुळत नाही तिथे लाल खूण करा. स्वतःचा जन्मदाखला मुळातच नसेल, आणि आमच्या वयाच्या अनेकांचा नसतो, तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आणि जवळच्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं लागतात. ते वडीलधारे अजून धडधाकट आहेत तोवर हे काम उरका.

पायरी ३: पैसा

इथे मी जरा बँकवाली होते, सहन करा.

कायमचं राहण्याच्या इराद्याने देश सोडला की परकीय चलन कायद्याच्या, म्हणजे 'फेमा'च्या, नजरेत तुम्ही अनिवासी होता. त्यानंतर साधं बचत खातं तसंच चालवणं चूक आहे. ते अनिवासींसाठी असलेल्या एनआरओ खात्यात बदलून घ्यायचं. हे अर्ज शाखेत बसून, ओळखीच्या माणसासमोर भरा. पेन्शन, भाडं, ठेवींचं व्याज सगळं या खात्यात जमा होऊ शकतं, आणि भारतात राहणारा जवळचा नातेवाईक 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' या पद्धतीने जोडता येतो. म्हणजे तुम्ही आहात तोवर व्यवहार तुमचेच, तुमच्या पश्चात त्याचे. या खात्यातून आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. आपल्यासारख्यांना ती मर्यादा कधी आडवी येत नाही, आडवं येतं ते त्यासाठी लागणारं सीएचं प्रमाणपत्र. तेव्हा सीए आत्ताच पक्का करा आणि त्याला ईमेल वाचायची सवय आहे ना, ते बघा.

पीपीएफ असेल तर मुदत संपेपर्यंत चालतं, पण अनिवासी झाल्यावर मुदतवाढ मिळत नाही. विखुरलेली खाती बंद करा. आमची पाच होती, दोन ठेवली. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, आणि दहा वर्षं कुणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. मिळते परत, पण ती मिळवायला कोण जाणार? लॉकरचं तेच. सात वर्षं उघडला नाही तर भाडं भरलेलं असूनही बँक तो फोडू शकते. आम्ही लॉकर रिकामा करून सोडून दिला.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी दोन गोष्टी अधोरेखित करून ठेवा. एक, ग्रीन कार्ड घेऊन तिथे राहायला लागल्यापासून तुमचं भारतातलं उत्पन्नही तिथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. शिवाय भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. दोन, भारतीय म्युच्युअल फंडांवर तिथले करनियम फार जाचक आहेत. आमचे होते ते आम्ही निघायच्या आधी मोडले. हे मोडणं माझ्या जिवावर आलं होतं, कारण 'लावलेल्या झाडाला हात लावू नये' असं मीच तीस वर्षं ग्राहकांना सांगत आले. पण दोन्हीकडचे नियम जाणणाऱ्या सल्लागाराने कागदावर आकडे मांडून दाखवले तेव्हा गप्प बसले.

पेन्शनरांनो, हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला द्यायचाच आहे. ऐंशीच्या पुढच्या केंद्रीय पेन्शनरांना ऑक्टोबरपासून देता येतो. आता मोबाईलवर चेहरा दाखवून 'जीवन प्रमाण' काढता येतं, आणि परदेशात भारतीय वकिलातीतूनही सही मिळते. निघण्याआधी एकदा स्वतःच्या हाताने मोबाईलवर काढून बघा. नातवाच्या हाताने नाही, स्वतःच्या.

मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण मी केली. नॉमिनी म्हणजे वारस, हा गैरसमज शिकल्यासवरल्या घरांतही आहे. नॉमिनी हा सांभाळणारा असतो, मालक कोण ते मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो.

पायरी ४: घर विकायचं, भाड्याने द्यायचं की कुलूप लावायचं

कुलूप लावणं हा सगळ्यात सोपा वाटणारा आणि सगळ्यात महागात पडणारा मार्ग. पुण्याच्या एका पावसाळ्यात बंद घराच्या भिंतींना बुरशी येते, बाल्कनीत कबुतरं संसार थाटतात, आणि मेंटेनन्स, मालमत्ता कर, विजेचा स्थिर आकार चालूच राहतो. शिवाय दर फोनला 'घर बघून आलास का रे' म्हणून पुतण्याला छळायचं ते वेगळंच.

विकायचं ठरलं असेल तर निवासी असतानाच विका. निवासी माणसाने पन्नास लाखांचं किंवा त्यावरचं घर विकलं तर घेणारा १ टक्का कर कापतो. अनिवासी झाल्यावर विकलं तर जुन्या घरावर साडेबारा टक्के आणि वर अधिभार-उपकर, तेही व्यवहारात बहुतेकदा पूर्ण किमतीवर कापलं जातं. ते कमी करून घ्यायला आयकर खात्याकडून आधी प्रमाणपत्र आणावं लागतं. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांनी कर भरायची मुभाही फक्त निवासींना आहे. सत्तर-ऐंशी साली घेतलेलं, वाडवडिलांकडून आलेलं घर असेल तर या फरकात एखादी गाडी येते.

भाड्याने द्यायचं असेल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो. अकरा महिन्यांचा असला तरी, आणि जबाबदारी घरमालकाची. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के कर कापून भरायचा असतो. ही गोष्ट एजंट सांगत नाहीत, भाडेकरूला माहीत नसते आणि नोटीस मात्र येते. जास्त कापलेलं विवरणपत्र भरून परत मिळतं. सोसायटीने 'नॉन-ऑक्युपन्सी चार्ज' म्हणून भलतीच रक्कम सांगितली तर शांतपणे विचारा, सेवाशुल्काच्या किती टक्के? दहाच्या वर लावता येत नाही.

आम्ही भाड्याने दिलं. करार सांभाळायला पुतण्याच्या नावे मुखत्यारपत्र केलं, फक्त भाडं आणि सोसायटीपुरतं, विक्रीचा अधिकार त्यात घातला नाही. पुतण्यावर अविश्वास म्हणून नाही. त्यालाही ते ओझं नको होतं. हे पत्र इथेच करून घ्या. परदेशातून करायचं तर वकिलातीत साक्षांकन आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क, असा द्राविडी प्राणायाम आहे.

पायरी ५: सामान

सुरुवात माळ्यापासून करा. फोटोंच्या अल्बमपासून अजिबात नको. माळ्यावर पडलेल्या बिघडलेल्या कूलरसाठी कुणी रडत नाही, आणि चार दिवसांत चार खेपा भंगारात गेल्या की हाताला सोडायची सवय लागते. मग स्वयंपाकघर, मग कपडे, मग पुस्तकं, अल्बम सगळ्यात शेवटी.

आम्ही हॉलचे चार कोपरे केले. नेणार, देणार, विकणार आणि 'बघू'. तीन आठवड्यांत 'बघू'चा ढीग खिडकीच्या गजांना लागला. मग नियम केला की 'बघू'ला एकच पत्र्याची ट्रंक, तीत मावेल तेवढंच. ती ट्रंक आता साताऱ्याला जाऊबाईंच्या माडीवर आहे. आत काय आहे ते मला आज निम्मंच आठवतं.

नेण्याचा कोपरा आपोआप लहान राहतो. बहुतेक विमान कंपन्या अमेरिकेला जाताना माणशी २३ किलोच्या दोन बॅगा देतात. मिक्सर नेऊ नका, तिथे वीज १२० व्होल्टची. खोलगट बिडाचा तवा नेऊ नका, काचेच्या सपाट शेगडीवर तो डुगडुगतो. मी नेला, तो आता कुंडीखाली आहे. कढीपत्ता, ताजी फळं, बियाणं यांवर तिथे बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. गोडा मसाला आणि मेतकूट पोचतं, फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून खरं लिहायचं.

पितळेची भांडी मोडीच्या भावाने जातात, मग ती कितीही पिढ्यांची असोत. मी सहा पातेली तांबट आळीत नेली. दुकानदाराने तराजूत ठेवण्याआधी एक उलटं केलं. बुडाजवळ ठिपक्याठिपक्यांनी सासूबाईंचं नाव कोरलेलं, खाली तारीख, १२-५-५८. त्यांच्या लग्नातलं. चाळीस वर्षं मी त्यात चकल्यांचं पीठ भिजवलं आणि नाव एकदाही वाचलं नव्हतं, कारण ते राखेने घासून घासून बोटालाच लागायचं, डोळ्यांना दिसायचं नाही. ते पातेलं परत पिशवीत घातलं. बाकीची पाच दिली. तेव्हापासून सगळ्यांना सांगते: भांडी विकायला नेण्याआधी प्रत्येकाचं बूड आणि काठ उजेडात धरून बघा, कुणाचं नाव आहे ते वाचा, आणि त्या माणसाच्या घरच्यांना एक फोन करा. मामेसासूबाईंच्या नावाचा तांब्या त्यांची नात नाशिकहून न्यायला आली.

कपड्यांची गंमत सांगते. हल्ली बोहारणी कमी झाल्या आहेत, पण आमच्या गल्लीत एक यायची. तिला हाक मारली, अकरा साड्या आणि ह्यांच्या पाच पँटी काढल्या. तिने टोपलीतून एक झाकणाचं पातेलं पुढे सरकवलं. मी म्हटलं, "बाई, भांडं नको, कपडे तेवढे ने." तिचा विश्वास बसेना. तिला वाटलं मी घासाघीस करतेय. तिने वर एक वाटी ठेवली. मग एक झारा. डबे कमी करायला निघालेल्या माझ्या घरात शेवटी एक पातेलं, एक वाटी आणि एक झारा आला. फुकट दिलं तर तिच्या धंद्याचा अपमान होतो, हे मला दोन दिवसांनी कळलं.

मऊ सुती साड्यांच्या मात्र गोधड्या शिवून घ्या. हाताने शिवणाऱ्या बायका अजून आहेत, चार महिने आधी सांगावं लागतं. माझ्या, आईच्या आणि सासूबाईंच्या नऊवारींच्या पाच झाल्या. चार वाटल्या, एक बॅगेत. अडीच किलो भरली, आणि तेवढ्यासाठी मी दिवाळी अंक बाहेर काढले.

पुस्तकं ग्रंथालयाच्या दारात गोणीने नेऊन टाकू नका. त्यांच्याकडेही जागा नाही. यादी करा, फोन करा, त्यांना हवी तीच द्या. घरात मोडी लिपीतले कागद, जुनी पत्रं, जमाखर्चाच्या वह्या असतील तर रद्दीत घालण्याआधी जाणकाराला दाखवा. पुण्यात इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० साली सुरू केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, हस्तलिखित पोथ्यांसाठी भांडारकर संस्था आहे. तुमच्या लेखी ते कुजके कागद असतात, अभ्यासकाच्या लेखी एका गावाचा बाजारभाव असतो. अडकित्ते, समया, पानाचे डबे जपून ठेवावेसे वाटत असतील तर एकदा राजा केळकर संग्रहालयात चक्कर मारून या. तिथले पाहून आपला अडकित्ता साधाच आहे हे कळतं आणि तो देताना हात हलका होतो. आणखी एक: शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती-कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं १९७२च्या कायद्याने देशाबाहेर नेता येत नाहीत. पणजोबांची पोथी बॅगेत घालण्याआधी याचा विचार करा.

रद्दीत खरेदीखत, त्याच्या नोंदणीचा उतारा म्हणजे इंडेक्स टू आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट जाणार नाही एवढं बघा. जातं. आमच्या ओळखीत गेलंय.

पायरी ६: देव

यावर कुणी लिहीत नाही, आणि घराघरात अडतं ते इथेच.

सागवानी देवघर विमानात जात नाही. देव जातात. पण सगळे न्यावेत का? आम्ही दिराच्या घरी बसून ठरवलं. घराण्याचे चांदीचे टाक घराण्यात राहिले. ते पुतण्याकडे गेले, आणि त्यांच्याबरोबर नवरात्र, बोडण, सगळा कुळाचारही गेला. त्या वर्षी घटस्थापनेला मी त्याच्या बायकोच्या शेजारी बसून एक एक गोष्ट सांगितली. तिने मोबाईलवर लिहून घेतली. मला आधी राग आला, मग बरं वाटलं. माहेराहून आलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण मात्र माझे, ते माझ्याबरोबर आले. हातातल्या बॅगेत, रुमालात गुंडाळून. एक्स-रेवाल्या मुलाने नुसता हात जोडून पुढे पाठवलं.

राहिला गंगेचा गडू. सासूबाईंनी काशीहून आणलेला, लाखेने सीलबंद. हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी चालत नाही, आणि बॅगेत टाकायला धीर होईना. एका गुरुवारी हे म्हणाले, फोडूया. तापवलेल्या सुरीने लाख काढली. आत पाणी अर्ध्यावर आलेलं, वास नाही, रंग नाही. दोघांनी एक एक पळी घेतली, उरलेलं तुळशीला घातलं. तुळस खालच्या मजल्यावरच्या वहिनींना दिली, कुंडीसकट.

तुमच्या घरची रीत वेगळी असेल. पण ज्यांच्याकडे देव आणि सण सोपवायचे त्यांना निदान एक वर्ष आधी विचारा, आणि 'आम्हाला जमणार नाही' असं ते म्हणाले तर रुसू नका.

पायरी ७: माणसं

आमच्या घरी मावशी एकवीस वर्षं कामाला होत्या. त्यांना आम्ही सहा महिने आधी सांगितलं. सगळ्या सोसायटीला कळायच्या आत. फ्रिज आणि शिलाई मशीन त्यांना दिलं, तीन महिन्यांचा पगार दिला, पण त्यांना खरी गरज होती ती दोन नव्या घरांच्या कामाची. ती मी निघायच्या आधी लावून दिली आणि पगार किती ते माझ्यासमोर ठरवून घेतलं.

भिशीत असाल तर आपला फेरा पुरा करा. अर्ध्यात सोडलेली भिशी वर्षानुवर्षं लक्षात राहते. सोसायटीचा खजिनदार, हास्यक्लबाचा चिटणीस, वाचनालयाचा विश्वस्त असं काही असाल तर रीतसर राजीनामा आणि हिशेब द्या. ह्यांनी सोसायटीचं व्हाउचर बुक बरोबर आणलं, चुकून. ते कुरिअरने परत पाठवायला जे पैसे पडले त्यात त्या वर्षीची रंगरंगोटी झाली असती, असं अध्यक्ष म्हणाले.

भांडलेल्या माणसांकडेही जाऊन यायचं का? मी एका नणंदेकडे गेले. तिने चहा केला, फार बोलली नाही. पण दारापर्यंत आली.

डॉक्टरांकडून फाईलची प्रत आणि औषधांची कंपनीची नव्हे तर मूळ नावं लिहून घ्या, कारण तिथे आपले ब्रँड नसतात. दात, चष्मा, कानाचं यंत्र, सगळं पुण्यात उरकून निघा. दातांचा खर्च तिथे डोळ्यांत पाणी आणतो. परत यायची थोडी जरी शक्यता असेल तर इथला आरोग्यविमा बंद पाडू नका, खंड पडला की जुन्या आजारांची प्रतीक्षा पहिल्यापासून सुरू होते.

पायरी ८: शेवटचे पंधरा दिवस

मोबाईलचा भारतातला नंबर जिवंत ठेवा. बँक, आधार, आयकर, सगळ्यांचा ओटीपी त्यावरच येतो. इंटरनॅशनल रोमिंग इथे असतानाच चालू करून घ्या आणि रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहा. खूप दिवस बंद राहिलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते, मग तुमचे ओटीपी कुणा परक्याच्या खिशात.

गाडी विकली असेल तर आरसी घेणाऱ्याच्या नावावर झाल्याची प्रत हातात आल्याशिवाय विमानात बसू नका. गॅसचं कनेक्शन परत करताना सिलिंडर, रेग्युलेटर आणि अनामत भरल्याचा मूळ कागद लागतो. आमचा कागद ४१ डब्यांपैकी एकात, हळदीखाली सापडला. पिवळाधमक.

दारावरची नावाची पाटी शेवटच्या दिवशी काढा. आम्ही आठवडाभर आधी काढली आणि तेवढ्यात दोन कुरिअरवाले परत गेले.

किल्ल्यांचे तीन जुडगे करा, कुणाकडे कोणता ते चिठ्ठीवर लिहून पुतण्याच्या हातात द्या. आणि दूधवाल्याला सांगा. पेपरवाल्याला, इस्त्रीवाल्याला, केबलवाल्याला सगळ्यांना सांगून, हिशेब चुकते करून आम्ही निघालो होतो. भाडेकरू पंधरवड्याने येणार होता. न्यू जर्सीत पोचल्याच्या चौथ्या रात्री साडेनऊला फोन वाजला. खालच्या मजल्यावरच्या वहिनी होत्या.

"अहो, तुमच्या दाराला पिशवी लटकतेय. चार दिवसांचं दूध आहे. टाकून देऊ की पनीर करू?"